भावजींनी हो म्हटलं

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे भावजी म्हणत. त्यांची धाकटी मेहुणी आमच्याकडे हिशेबाचं काम बघायची, तिच्याच ओळखीने ते इथे लागले, आणि पहिल्याच दिवशी तिने जिन्याच्या तोंडाशी उभं राहून हाक मारली, "भावजी, चष्मा गाडीत राहिला तुमचा." संध्याकाळपर्यंत कॉफीच्या मशीनभोवतीचे सगळे त्यांना भावजी म्हणू लागले. पुढच्या आठवड्यात साहेबांनीही भर मीटिंगमध्ये "भावजी, तुमचं काय मत?" असं विचारलं, तेव्हा कागदोपत्री असलेलं नाव कायमचं गळून पडलं. निम्म्या लोकांना ते नक्की कोणाचे भावजी हे ठाऊकही नव्हतं.

आमची कंपनी कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करते. कोणाची लस कधी, कोणाचं वजन वाढलं, कोणाचा मालक फोन उचलत नाही, असल्या नोंदी. मी त्यात मदतीचा मजकूर लिहितो, म्हणजे 'हिरवं बटण दाबा, थांबा, पुन्हा दाबा' हे साहित्य माझं. भावजी प्रोग्रॅमर. त्यांची खुर्ची माझ्या खुर्चीला पाठ लावून. मधे जागा इतकी बेताची की दोघांना एकदम मागे सरकायचं असलं तर आधी बोलणी करावी लागत.

तेव्हाचे भावजी दोन बोटांनी टाइप करत, तेही ओठ हलवत. एक ओळ लिहिली की खिडकीतून खालच्या पार्किंगकडे बघत बसत, कोणाची गाडी वाकडी लागली आहे ते ठरवत, मग ती ओळ खोडून दुसरी लिहीत. कामाला वेळ लागे, पण त्यांनी केलेलं सहसा बंद पडत नसे. याचा त्यांना अभिमान होता, आणि तो नाकाने कांदे सोलण्याच्या जातीचा होता. नवीन पोरं इंटरनेटवरून कोडचे तुकडे उचलून चिकटवत, त्याला भावजी 'उष्टं' म्हणत. डबा उघडून बसले की सांगत, दुसऱ्याच्या डोक्यातली ओळ आणि दुसऱ्याचा दात घासायचा ब्रश, दोन्ही सारखंच. शेजारच्याचा घास हातातच राही.

मग साहेब कुठल्याशा परिषदेला जाऊन आले. तिथे त्यांना चांगलं जेवण मिळालं असावं, कारण परत आल्यावर त्यांनी आठवड्याच्या आत एक नवीन यंत्रणा विकत घेतली. आपण कोड लिहायला लागलो की ती पुढचा कोड सुचवायची. कर्सरच्या पुढे फिकट, राखाडी अक्षरं आपोआप उमटत. पसंत पडली तर टॅबचं बटण दाबायचं, अक्षरं काळी होऊन आपली व्हायची. नको असली तर आपलं आपण लिहीत राहायचं. साहेबांच्या भाषणात या दुसऱ्या शक्यतेचा उल्लेख नव्हता.

भावजींनी पहिल्या दिवशी जाहीर केलं की आपण त्या राखाडी अक्षरांकडे ढुंकूनही बघणार नाही. माझं वाक्य पुरं करायला घरी माणसं आहेत, म्हणाले. हा बाणा आठवडाभर टिकला. जेवणानंतरची पेंगुळलेली वेळ होती. तारखा उलटसुलट करायचा एक कंटाळवाणा तुकडा लिहायचा होता, जो त्यांनी आयुष्यात अनेकदा लिहिला होता. त्यांनी पहिला शब्द टाइप केला आणि उरलेला सगळा तुकडा समोर येऊन उभा राहिला. पाठीला पाठ असल्यामुळे मला त्यांचा चेहरा दिसला नाही, पण खुर्ची करकरल्याचं ऐकू आलं. बहुधा कोणी बघत नाही ना हे त्यांनी पाहून घेतलं. मग एकच बटण वाजलं.

त्यानंतर माझ्या पाठीमागचा आवाजच बदलला. पूर्वी दोन बोटांची टकटक, मग पार्किंगकडे बघण्याची शांतता. आता थोडीशी टकटक आणि लगेच डाव्या करंगळीचा ठोका. शाळेत करंगळी वर केली की सुटका होते. भावजींची सुटका करंगळी खाली करण्यात होती.

साहेबांनी यंत्रणेवर खर्च केला होता, आणि ती वापरली जाते आहे हे त्यांना वरच्यांना दाखवायचं होतं. म्हणून पॅसेजमध्ये एक मोठा स्क्रीन लागला. त्यावर कोणी किती सूचना स्वीकारल्या याची क्रमवारी दिसायची. सूचना बरोबर होत्या की नाही हे त्यावर दिसत नव्हतं. ते मोजायचं कसं हे कोणाला ठाऊक नव्हतं, आणि जे मोजता येत नाही ते आमच्याकडे नसतंच. महिन्याभरात भावजी पहिल्या नंबरावर गेले आणि तिथेच तंबू ठोकून बसले. साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांना टॅबच्या बटणासारखं दिसणारं एक काचेचं सन्मानचिन्ह दिलं. ते इतकं जड होतं की मेहुणीने घरी नेताना दोनदा हात बदलला.

पंथ बदललेला माणूस जुन्या पंथाला जितक्या शिव्या घालतो तितक्या कोणीच घालत नाही. भावजी आता नवीन पोरांचे वर्ग घेऊ लागले. मदतीचा मजकूर लिहायचा म्हणून एका वर्गाला मी बसलो होतो. त्यांनी शिकवलं ते असं की सूचना आली की वाचत बसू नका, जो वाचत बसला तो मागे पडला. एका मुलीने भीत भीत विचारलं की चुकीची सूचना आली तर काय. भावजी म्हणाले की यंत्राने जगभरातला कोड वाचला आहे, तू किती वाचला आहेस? ती खाली बसली. काम तपासणाऱ्या बाई होत्या, त्यांना साहेबांनी विक्रीच्या टेबलावर पाठवलं, कारण तपासण्याही तीच यंत्रणा लिहून देत होती. म्हणजे पेपर काढणारा तोच, सोडवणारा तोच आणि मार्क देणाराही तोच. निकाल अर्थातच शंभर टक्के लागायचा.

हळूहळू ही खोड घरीही गेली. घरी वहिनी आणि सासूबाई. सासूबाई निवृत्त परिचारिका, आणि जावयाला कायम पेशंट समजणाऱ्या. मेहुणी सांगायची की वहिनींनी "आज मला जरा" एवढं म्हटलं की भावजी "डोकं दुखतंय, माहितीये" म्हणून गोळी आणून देतात. वहिनींना खरं तर बाहेर जायचं असतं. सासूबाईंनी "तो नळ" म्हटलं की हे "गळतोय, बघतो" म्हणत. नळ मुळीच येत नव्हता. सासूबाईंनी शेवटी जावयाशी एकाच शब्दात बोलायचा नेम केला, म्हणजे पुढे काही जोडायला जागाच राहायला नको.

सासूबाईंनी रस्त्यावरून उचलून आणलेला एक बोका होता, ढोल्या. आमच्याच सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या दवाखान्यात त्याचं नाव होतं. भावजींचं आणि त्याचं कधी पटलं नाही, तो नेमका त्यांच्या लॅपटॉपच्या पिशवीवर झोपायचा. गेल्या वर्षी म्हातारपणाने गेला. इतक्या माणसांना डोळे मिटताना पाहिलेल्या सासूबाई बोक्याची वाटी पुढे कित्येक दिवस उचलू देत नव्हत्या.

आता झालं काय, दवाखानेवाल्यांना हवं होतं की जनावराच्या वाढदिवसाला मालकाच्या फोनवर शुभेच्छा जाव्यात. गिऱ्हाईक खूश राहतं आणि तपासणीला येतं. काम भावजींकडे आलं. त्यांनी पहिली ओळ लिहिली, पुढचं सगळं राखाडी अक्षरांत आलं. आज ज्याचा वाढदिवस असेल तो शोधा, वय काढा, मालकाला निरोप पाठवा. निरोपाचा गोड मजकूरसुद्धा आयता. मी पाठीमागे बसून ठोके ऐकले. चहा निवायच्या आत काम संपलं होतं, तपासण्या उत्तीर्ण झाल्या होत्या आणि भावजी खाली पाय मोकळे करायला गेले होते.

त्यात एक गोष्ट राहिली होती. आमच्याकडच्या नोंदींत प्रत्येक जनावरापुढे ते हयात आहे की नाही हे लिहिलेलं असतं. लशीची आठवण पाठवणारा जुना कोड आधी तेवढं बघून घ्यायचा. तो कोड खुद्द भावजींनीच लिहिलेला, पार्किंगकडे बघायच्या दिवसांत. नव्या कोडमध्ये ती विचारपूस नव्हती. शिवाय रस्त्यावरून उचलून आणलेल्या जनावराची जन्मतारीख कोणाला माहीत नसते. दवाखानेवाले तिथे सरसकट एक जानेवारी टाकतात.

तेव्हा वर्षाच्या पहिल्या सकाळी, ही सोय सुरू झाली त्याच दिवशी, सगळे सुट्टीत उशिरा उठून चहा घेत असताना, आजवर गेलेल्या झाडून साऱ्या बेवारशी कुत्र्यामांजरांचे वाढदिवस एकदम साजरे झाले.

भावजींच्या घरचा प्रसंग मला मेहुणीने सांगितला, ती त्या दिवशी तिथेच होती. सासूबाईंचा फोन वाजला. त्यांनी चष्मा लावला आणि निरोप मोठ्याने वाचला: "ढोल्याला वाढदिवसाच्या अनेक शुभेच्छा! आज तो एकोणीस वर्षांचा झाला. त्याला आमच्याकडून एक गोड पापा द्या, आणि असाच खेळत राहा म्हणावं." वाचून त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. वहिनींनी आईच्या पाठीवर हात ठेवला. भावजींना मात्र चेव आला. जगात काय एकेक गाढवं कामाला ठेवतात, म्हणाले. मेलेल्या जनावराला शुभेच्छा पाठवायच्या म्हणजे अक्कल किती गहाण टाकली असेल, आमच्याकडे असलं कोणी केलं असतं तर त्याला मी त्याच दिवशी घरी बसवलं असतं. मेहुणी सांगते की हे सगळं ते फार छान, ठासून बोलले. मग त्यांनी निरोप बघायला फोन हातात घेतला. खाली आमच्या कंपनीचं चिन्ह होतं. 'गोड पापा' हे शब्द त्यांना कुठेतरी पाहिल्यासारखे वाटले असावेत, कारण त्यांनी फोन हळूच होता तसा पालथा ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

"जावईबापू," सासूबाई आतून म्हणाल्या. एवढंच.

तासाभरात आम्ही सगळे ऑफिसात होतो. मला बोलावलं होतं दिलगिरीचा मजकूर लिहायला. फोन वाजत होते. कोणाला तेहतीस वर्षांच्या सशाचं अभीष्टचिंतन आलं होतं. साहेबांच्या अंगात घरचाच पायजमा होता, वरून मात्र कोट. त्यांनी फर्मान काढलं की ज्यांची जनावरं गेली आहेत तेवढ्यांना दुपारच्या आत क्षमा मागणारा, सांत्वनाचा निरोप गेला पाहिजे. मी दोन ओळी लिहून दिल्या, त्या बऱ्या होत्या. भावजी खुर्चीवर बसले. गेलेल्या जनावरांचे मालक शोधायचे, एवढं त्यांनी लिहिलं, राखाडी अक्षरं आली, आणि मला तो ठोका ऐकू आला.

मी मागे वळून विचारलं की एकदा वाचलंत का. ते म्हणाले, वेळ कुठे आहे.

आमच्या जुन्या पद्धतीत हयात जनावरापुढे शून्य असतं आणि गेलेल्यापुढे एक. ही उफराटी पद्धतही मूळ भावजींचीच. यंत्राने सगळ्या जगात असतं तसंच धरलं, की एक म्हणजे आहे आणि शून्य म्हणजे नाही. त्यामुळे दुपारी आमचं सांत्वन ज्यांना गेलं त्या सगळ्यांची जनावरं त्या क्षणी धडधाकट होती. 'तुमच्या लाडक्याच्या निधनाने आम्हालाही अतीव दुःख झालं आहे.' कोणी तो निरोप मांडीवरच्या मांजराकडे बघत वाचला. एक बाई दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या, त्यांच्या कुत्र्याला दात साफ करायला गुंगी देऊन आत नेलं होतं. निरोप वाचून त्या किंचाळत आत घुसल्या, डॉक्टरांच्या हातातलं अवजार उडालं, आणि मग त्या डॉक्टरांनी आमच्या साहेबांना फोन करून जे ऐकवलं त्यातला एकही शब्द मला मदतीच्या मजकुरात वापरता येणार नाही. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते आम्ही भर सुट्टीच्या दिवशी, कोट घालून केलं.

दोन दिवसांनी चौकशीची मीटिंग झाली. साहेबांनी विचारलं, "हे लिहिलं कोणी?"

भावजी म्हणाले, "लिहिलं कोणीच नाही, साहेब. मी फक्त हो म्हटलं."

मला वाटलं आता गडी घरी जाणार. पण साहेबांचा चेहरा उजळला. लिहिलं कोणीच नाही, म्हणजे दोष कोणाचाच नाही, म्हणजे यंत्रणा विकत घेणाऱ्याचाही नाही. त्यांनी मला वरच्यांसाठी अहवाल लिहायला सांगितलं आणि त्यात 'समन्वयातील तात्पुरती तफावत' हे शब्द स्वतः सांगून घातले. उपाय म्हणून पहिल्या यंत्रणेच्या सूचना तपासायला दुसरी यंत्रणा घेण्याचं ठरलं. ती आजही चालू आहे. दोघींचं एकमेकींशी फार पटतं. त्या आठवड्याच्या क्रमवारीत भावजी पुन्हा पहिले आले, कारण एक जानेवारीच्या दुपारचा तो ठोकाही धरला होता.

ऑफिसने सोडलं, पण सासूबाई सोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी जावयाला समोर बसवून सांगितलं की निरोपाने झालेली चूक निरोपाने निस्तरत नाही. इस्पितळात माणूस गेला की नातेवाइकांना आम्ही चिठ्ठी पाठवत नव्हतो, समोर जाऊन उभं राहत होतो. तेव्हा फोन करा. भावजींनी सुरुवात केली ती सासूबाईंच्या धाकाने, यात शंका नको. रोज जेवणाची सुट्टी झाली की डबा बाजूला सारून ते फोन घेऊन बसत. पहिल्या काही जणांनी शिव्या दिल्या. काहींनी नंबर चुकला म्हणून ठेवला. मग एक म्हातारे गृहस्थ लागले. घड्याळं दुरुस्त करायचे, आता एकटे राहत होते. भावजींनी पाठ केलेली माफी म्हटली. पलीकडून उत्तर आलं ते मला एवढ्या जवळून नीट ऐकू येत होतं.

"माझा कुत्रा ना, तो फार..."

"गोड होता," भावजी म्हणाले.

"चावरा होता," म्हातारे म्हणाले. "माझ्या बायकोला तीनदा चावला. ती गेल्यावर मात्र कोणाला चावला नाही. मला पुढचं सांगू द्याल का?"

पलीकडचा माणूस बोलत राहिला. डबा गार झाला.

सुट्टी संपल्यावर त्यांनी यंत्रणा बंद करून ठेवली, हे मला मागाहून कळलं. पाठीमागून बराच वेळ काहीच आवाज येईना म्हणून मी वळलो. कोऱ्या स्क्रीनवर एक शब्द होता. यादीतल्या प्रत्येक नोंदीवरून एकेक करून जायचं, हे कामातलं अगदी बिगरीतलं लिखाण, आणि ते त्यांना आठवत नव्हतं. त्यांच्या वर्गात भीत भीत शंका विचारणारी ती मुलगी पलीकडे बसायची, तिला त्यांनी विचारलं. तिने प्रामाणिकपणे सांगितलं की तिने ते कधी लिहिलेलंच नाही, ते आपोआप येतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. भावजींनी यंत्रणा पुन्हा चालू केली.

हे मी त्यांना थोर वगैरे ठरवायला सांगत नाही. माणूस सुधारला असं म्हणायलाही माझी जीभ धजत नाही, कारण ते अजून करंगळीच वापरतात. फरक एवढाच की राखाडी अक्षरं आली की आता ते ओठ हलवत ती वाचतात, मग पार्किंगकडे बघतात, मग बरेचदा खोडतात. परिणाम व्हायचा तो झाला. पॅसेजमधल्या स्क्रीनवर ते घसरत घसरत तळाला गेले. नवीन पोरं त्यांच्याबद्दल हळहळतात. त्यांचे वर्ग आता दुसरे एक जण घेतात, जे वाचत बसत नाहीत.

एकदा साहेबांनी त्यांना काचेच्या खोलीत बोलावलं. दार अर्धवट उघडं होतं. साहेब आवाजात काळजी आणून विचारत होते की कामात लक्ष लागत नाही का, आकडे फार पडले आहेत, घरी सगळं ठीक आहे ना. भावजी म्हणाले की घरी सगळं ठीक आहे, सासूबाई पूर्ण वाक्यं बोलायला लागल्या आहेत. साहेबांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी वहीत 'ताण' असं लिहिलं आणि भावजींना कंपनीच्या खर्चाने ताणमुक्तीच्या शिबिराला पाठवलं. तिथून ते सर्दी घेऊन आले.

ते घड्याळवाले म्हातारे अधूनमधून स्वतःहून फोन करतात. भावजी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करतात आणि ऐकत राहतात. परवा साहेब आमच्या टेबलापाशी उभे राहून वाट बघत होते, त्यांना दुसरी यंत्रणा तपासायला तिसरी घेण्याविषयी काही बोलायचं होतं. थोड्या वेळाने त्यांनी मला खुणेने विचारलं, कोण आहे. मी म्हटलं, ग्राहक. ग्राहकाशी इतका वेळ काय बोलतात, असं त्यांनी कुजबुजत विचारलं.

मी म्हटलं, ते बोलत नाहीत, समोरचा बोलतोय.

साहेब आणखी जरासे थांबले, घड्याळ पाहिलं आणि आपल्या खोलीत गेले.